गाळखत पडलेल्या वावराची हेवी मेटल टेस्ट: नागपुरातल्या एका प्रायव्हेट लॅबचा अनुभव, ५ पैकी ४ स्टार

ज्यांच्या वावरात सांडपाणी प्रकल्पाचा काळा गाळ पडलाय, आणि त्यातही जे कास्तकार पालक, मेथी, सांभार (कोथिंबीर) लावून कॉटन मार्केटला नाहीतर कळमन्याला माल नेतात, त्यांनी हे पूर्ण वाचा. नागपुरातल्या एका प्रायव्हेट लॅबमधून मातीची हेवी मेटल, म्हणजे जड धातूंची टेस्ट करून घेतली, त्याचा हा रिव्ह्यू आहे. लॅबचं नाव लिहीत नाही, कारण जे आवडलं आणि जे खटकलं ते दोन्ही कोणत्याही लॅबमध्ये भेटू शकते, आणि टेस्ट कशी मागायची हे कळलं तर लॅब कोणतीही असो, पैसे वाया जात नाहीत.

आधी हे सांगतो की टेस्ट करायची गरजच का पडली. आमचं वावर शहराच्या पूर्वेला, नाग नदी शहराचं सगळं पोटात घेऊन कन्हानकडे जाते त्या अंगाला. शेणखत आता सहज भेटत नाही, घरोघरच्या बैलजोड्या गेल्या, आणि गाळ ट्रॉलीने धुऱ्यावर येऊन पडते तोही शेणखतापेक्षा कितीतरी स्वस्त. पीकही जोरात येते, पालक तर काळाभोर, कारण गाळात नत्र, स्फुरद, सेंद्रिय कर्ब सगळं असतेच आणि आपल्या विदर्भाच्या जमिनीत ज्या झिंकची कमतरता नेहमी निघते ते पण भरपूर असते. पण सांडपाणी प्रकल्पात पाणी साफ होते म्हणजे काय होते तर पाण्यातले बहुतेक जड धातू गाळाला चिकटून खाली बसतात, वरचं पाणी पुढे जाते, भांडेवाडीच्या प्रकल्पाचं शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते हे सगळ्यांना माहीत आहे, पण मागे राहणाऱ्या गाळाबद्दल कोणी बोलत नाही. शहराच्या गटारात नुसता संडास-बाथरूमचा माल थोडाच येते, जीआय (जस्ताचा मुलामा असलेल्या) पाइपाचं झिंक येते, प्लेटिंगच्या छोट्या कारखान्यांचं निकेल-क्रोमियम, बॅटरी आणि जुन्या रंगाचं शिसं, आणि झिंकसोबत थोडं थोडं कॅडमियम. आमच्या ट्रॉलीवाल्याला विचारलं गाळ कुठला, रिपोर्ट आहे का, तर तो म्हणे, "भाऊ, एकदम देशी खत आहे, डोळे झाकून टाका." डोळे झाकून आपलं वावर कोणाच्या हवाली करायचं नाही एवढं मात्र मी ठरवलं होतं.

सॉइल हेल्थ कार्ड आहे की, असं घरातले म्हणाले. ती योजना २०१५ ला आली, चांगली आहे, पण कार्डावर १२ गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, झिंक, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, पीएच (जमीन आम्ल की विम्ल), ईसी (क्षारांचं प्रमाण) आणि सेंद्रिय कर्ब. कॅडमियम नाही, शिसं नाही, निकेल नाही, क्रोमियम नाही. म्हणजे गाळ टाकलेल्या वावराचं कार्ड एकदम हिरवंगार दिसू शकते आणि जे पाहायचं आहे ते त्यात नसतेच. म्हणून प्रायव्हेट लॅब. साध्या टेस्टच्या मानाने हे महाग काम आहे, कितीतरी पट, हे आधीच मनात धरून जा.

आता लॅबचं चांगलं. फोन केला तर ज्या केमिस्ट मॅडम बोलल्या त्यांनी पैशाच्या आधी मातीचं विचारलं. काळी आहे का बरड, गाळ कधीपासून पडतोय, पाणी कशाचं, पीक काय घेता. आणि मग एक गोष्ट सांगितली जी मला या पूर्ण व्यवहारात सगळ्यात मोलाची वाटली. म्हणाल्या, "भाऊ, गाळाच्या वावराची माती आणालच, पण जिथे गाळ कधीच पडला नाही अशा तुकड्याची पण आणा, त्याच जातीची जमीन पाहिजे, त्याच खोलीची." मला वाटलं डबल बिल करायचा धंदा असेल. पण कारण ऐकल्यावर पटलं. आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्ट दगडाची, त्या दगडातच तांबं, निकेल, क्रोमियम, झिंक मुळात जास्त आहे. गाळाचं एक घमेलंही न पडलेल्या काळ्या जमिनीत एकूण तांबं १०० पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे किलोला मिलिग्रॅम) आसपास किंवा वर निघू शकते. युरोपच्या गाळाच्या नियमात, म्हणजे १९८६ चा जो त्यांचा कायदा आहे त्यात, मातीतल्या तांब्याची मर्यादा ५० ते १४० आहे. म्हणजे बाहेरच्या देशाची यादी घेऊन आपल्या मातीवर लावली तर आपल्या आज्याच्या काळापासून साफ असलेलं वावरही "प्रदूषित" निघेल, आणि उलट, जे खरंच गाळातून आलंय ते त्या नैसर्गिक आकड्यात लपून जाईल. शेजारचा बिनगाळाचा तुकडा असेल तरच फरक दिसते. ज्या लॅबला हे विचारावंसं वाटत नाही तिथे माती देऊच नका, हे माझं स्पष्ट मत आहे.

माती कशी काढायची तेही त्यांनी नीट सांगितलं. लोखंडी, त्यातही जस्ताचा मुलामा असलेलं घमेलं किंवा बादली वापरायची नाही, झिंकचा आकडा तिथेच बिघडते. प्लॅस्टिकची बादली, लाकडी खुंटी किंवा स्टेनलेसचं खुरपं, पितळी चाळणी बिलकुल नाही. व्ही आकाराचा खड्डा, १५ सेंटिमीटरपर्यंतची पातळ चकती, वावरात नागमोडी फिरत जागोजागची माती, धुऱ्याजवळची आणि ट्रॉली जिथे ओतली होती त्या ढिगाच्या जागेची सोडून. सावलीत वाळवायची. आणि काळ्या मातीसाठी एक जास्तीचा नमुना खालच्या थराचा घ्यायला लावला, कारण उन्हाळ्यात आपल्या वावराला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते आणि पाऊस आला की जमीन फुगून बंद होते. म्हणजे धातू पाण्यात विरघळून खाली गेला नाही तरी मातीसोबत चालत खाली जाते. हे मी आजपर्यंत कधी डोक्यातच आणलं नव्हतं, भेगा तर दर उन्हाळ्यात पाहतो.

टेस्ट दोन प्रकारची आहे, इथेच बहुतेक लोक फसतात. एक "टोटल", म्हणजे माती कडक आम्लात शिजवून सगळा धातू बाहेर काढतात आणि एएएस किंवा आयसीपी मशीनवर मोजतात. दुसरी "डीटीपीए", एका सौम्य द्रावणात माती २ तास हलवतात आणि जेवढा धातू सुटून येते तेवढा मोजतात, पिकाच्या मुळाला साधारण जे भेटू शकते त्याचा अंदाज. टोटल म्हणजे तिजोरीतला पैसा, डीटीपीए म्हणजे खिशातला. हे डीटीपीएचं द्रावण पीएच ७.३ ला ठेवलेलं असते आणि १९७८ मध्ये लिंडसे आणि नॉर्वेल यांनी ते चुनखडीच्या जमिनीत झिंक, लोह, तांबं, मँगनीजची कमतरता पकडायला बसवलं, त्यामुळे आपल्या काळ्या, चुनखडीच्या, ८ च्या आसपास पीएच असलेल्या जमिनीला ते शोभते. नुसती टोटल केली तर घाबरून जाल, नुसती डीटीपीए केली तर गाफील राहाल. दोन्ही करा. लॅबच्या पॅकेजमध्ये आधी फक्त टोटल होतं, डीटीपीए वेगळं सांगून घ्यावं लागलं, हे त्यांनी पॅकेजमध्येच टाकायला पाहिजे.

रिपोर्ट ठरल्या वेळेत आला, त्याबद्दल तक्रार नाही. आकडे छापत बसत नाही, माझ्या वावराचे आकडे तुमच्या कामाचे नाहीत, पण चित्र असं निघालं: गाळाच्या तुकड्यात झिंक आणि तांबं शेजारच्यापेक्षा स्पष्ट जास्त, शिसं थोडं जास्त, कॅडमियम थोडं पण नक्की वाढलेलं, निकेल-क्रोमियम दोन्हीकडे जवळपास सारखं म्हणजे ते दगडाचंच. डीटीपीएत झिंक भरपूर, शिसं अगदी कमी, क्रोमियम जवळपास नाहीच. मॅडमनी समोर बसवून एकेक धातूचा स्वभाव समजावला आणि इथे मी त्यांना पूर्ण मार्क देतो. शिसं आणि साधं तीन भाराचं क्रोमियम मातीत गेलं की चिकणमाती, लोहाचे ऑक्साइड, स्फुरद यांना घट्ट धरून बसते, पिकात वर चढत नाही फारसं. पालकावर जे शिसं निघते ते बहुतेक वेळा पानावर बसलेली धूळ आणि चिखल असते, चांगलं धुतलं तर बरंच जाते. तांबं सेंद्रिय कर्बाला धरून राहते. पण कॅडमियम, झिंक आणि निकेल हे फिरणारे. आणि कॅडमियम वाईट यासाठी की ते पानाच्या आत जाते, धुऊन निघत नाही, आणि झिंक जास्त झालं तर आधी पीकच पिवळं पडून सांगते, कॅडमियम तसं सांगत नाही, झाड हिरवंगार राहते आणि खाणाऱ्याच्या किडनीत ते वर्षानुवर्षं साचत जाते. पालेभाजीत सगळ्यात जास्त, कंदात त्याखालोखाल, फळात आणि दाण्यात कमी. कोडेक्स म्हणजे अन्नाचे आंतरराष्ट्रीय नियम, त्यात पालेभाजीतली कॅडमियमची मर्यादा किलोला ०.२ मिलिग्रॅम आहे, शिशाची ०.३. आमच्या घरात रोज हीच भाजी शिजते आणि पोरं हीच खातात, म्हणून हे मला कोणत्याही उत्पन्नापेक्षा मोठं वाटलं.

आपल्या काळ्या जमिनीचं नशीब चांगलं की चिकणमाती जास्त, चुनखडी जास्त, पीएच वर, तिथे कॅडमियम आणि झिंक बऱ्यापैकी दबून राहतात. हीच ट्रॉली जर पूर्वेकडच्या हलक्या, आम्लाकडे झुकलेल्या धानाच्या बांध्यांमध्ये नाहीतर बरड जमिनीवर पडली तर गोष्ट वेगळी, तिथे तोच आकडा जास्त बोलतो. धानात अजून एक भानगड आहे, बांधीत पाणी भरलेलं असताना कॅडमियम गंधकासोबत बांधलं जाते आणि कापणीच्या आधी पाणी सोडलं, जमिनीला हवा लागली, की परत सुटते, नेमकं दाणा भरताना. आणि नदीचं पाणी देणाऱ्यांनी लक्षात घ्या, पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर ते कॅडमियमला मातीपासून सोडवून आपल्यासोबत फिरवते. म्हणून पाण्याचं क्लोराइड पण तपासून घ्या, ती टेस्ट स्वस्त आहे.

एक गोष्ट मात्र उलटी. सगळे म्हणतात पीएच जास्त तर धातू सुरक्षित, पण मॉलिब्डेनम आणि सेलेनियम उलट वागतात, पीएच वाढला की ते जास्त सुटतात. गाळात मॉलिब्डेनम असते, आणि त्या जमिनीतला बरसीम, लसूणघासाचा चारा जनावराला घातला तर जनावराच्या अंगातलं तांबं कमी पडू शकते, हगवण लागते, केसांचा रंग उडतो. अमेरिकेच्या १९९३ च्या गाळ नियमात मॉलिब्डेनमची वरची मर्यादा किलोला ७५ मिलिग्रॅम ठेवलेली आहे ती उगीच नाही. लॅबच्या पॅकेजमध्ये मॉलिब्डेनम नव्हतं. नागपूरच्या मातीसाठी पॅकेज बनवताय तर हे आलंच पाहिजे, विशेषतः ज्याच्याकडे गाई-म्हशी आहेत त्याच्यासाठी.

आता एक स्टार कशासाठी कापला ते सांगतो, आणि ही बारीकसारीक तक्रार नाही. रिपोर्टच्या शेवटच्या रकान्यात प्रत्येक धातूपुढे "विदिन लिमिट" असा शिक्का होता. लिमिट कोणती लावली ते खाली बारीक अक्षरात, खत नियंत्रण आदेश १९८५, सिटी कंपोस्टची (शहराच्या कचऱ्याच्या खताची) यादी: कॅडमियम ५, शिसं १००, निकेल ५०, क्रोमियम ५०, तांबं ३००, झिंक १०००, किलोला मिलिग्रॅममध्ये. अरे पण ही यादी खताची आहे, मातीची नाही! खत आपण एकरी काही टन टाकतो, ते लाखो किलो मातीत मिसळते. मातीतच कॅडमियम ५ झालं तर ते फार वाईट झालं, युरोपच्या त्याच कायद्यात मातीची मर्यादा १ ते ३ आहे. माझा आकडा त्या खालच्या टोकापेक्षाही कमी होता म्हणून यावेळी काही बिघडलं नाही, पण ज्याच्या वावरात ४ निघेल त्यालाही हाच शिक्का भेटेल आणि तो निश्चिंत होऊन अजून गाळ बोलवेल. आणि निकेल-क्रोमियमच्या बाबतीत बरोबर उलटं, आपली साफ काळी जमीनही खताच्या ५० च्या वर जाऊ शकते. मी हे बोललो तेव्हा मॅडमनी मान्य केलं, सॉफ्टवेअरचा साचा तसाच आहे म्हणाल्या, आणि सुधारलेला रिपोर्ट दिला ज्यात दोन तुकड्यांची तुलना होती. दिला हे चांगलं केलं. पण मागितल्याशिवाय दिला नसता. दुसरं, एका ठिकाणी नुसतं "एनडी" लिहिलं होतं म्हणजे सापडलं नाही, पण मशीन किती खालपर्यंत पाहू शकते तो आकडा नव्हता. कॅडमियमसाठी हा आकडा नसेल तर एनडीला काही अर्थ नाही, साध्या फ्लेमच्या एएएसवर कमी कॅडमियम दिसतच नाही, आयसीपी लागते. तोही आकडा मागून घ्या. एनएबीएलचा (लॅबला मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचा) शिक्का आहे म्हणून थांबू नका, त्या लॅबच्या यादीत "माती" आणि "कॅडमियम" दोन्ही आहे का ते एनएबीएलच्या साइटवर पाहता येते, पाच मिनिटांचं काम आहे.

हिशोब स्वतः करून पाहा, मी घरी बसून केला. एकरभर जमिनीचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर साधारण ८ ते ९ लाख किलो भरते. समजा गाळ वाळलेला ४ टन टाकला आणि त्यात कॅडमियम खताच्या मर्यादेवर म्हणजे ५ आहे, तर २० ग्रॅम कॅडमियम गेलं, मातीत वाढ ०.०२ पीपीएमच्या थोडी वर. झिंक १००० असेल तर ४ किलो, म्हणजे ५ पीपीएमच्या जवळपास वाढ. एका वर्षाचं पाहिलं तर काहीच नाही. पण नत्र उडून जाते, कर्ब आपल्या ४५ डिग्रीच्या उन्हात जळून जाते, धातू मात्र कुठेच जात नाही, पीक वर्षाला कॅडमियमचे फार तर काही ग्रॅम नेते. दरवर्षी टाकत गेलं तर बेरीजच होत जाते, वजाबाकी नाही. इंग्लंडमध्ये वोबर्नच्या प्रयोगशेतात १९४२ ते १९६१ गाळ टाकला होता, बंद करून कित्येक वर्षं झाली तरी धातू वरच्या थरातच, आणि तिथल्या क्लोव्हरच्या (चाऱ्याचं एक द्विदल पीक) मुळांच्या गाठीत नत्र बसवणारे जिवाणू टिकेनात. आपण सोयाबीन, तूर, हरभऱ्यावर जगणारे लोक, त्यामुळे हे वाचून मी गप्प बसलो बराच वेळ. गाळातला कर्ब संपला की त्याने धरलेला धातू सुटेल का, यावर शास्त्रज्ञांत दोन गट आहेत, एक म्हणतो हा टाइम बॉम्ब आहे, दुसरा म्हणतो गाळातलेच लोह-अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड आणि स्फुरद त्याला धरून ठेवतात आणि पिकातलं प्रमाण एका पातळीवर थांबते. स्वित्झर्लंडने २००६ पासून शेतात गाळ टाकणं बंद केलं, अमेरिकेत मिलवॉकी शहर १९२६ पासून वाळवलेला गाळ पोत्यात भरून विकते. दोन्ही देश शहाणे आहेत, जमीन आणि गाळ वेगळा आहे.

खत दुकानात एकाने चुना टाकायचा सल्ला दिला होता, मॅडमनी तोही खोडून काढला, आधीच ८ च्या वर पीएच असलेल्या चुनखडीच्या जमिनीत चुना टाकून काही होत नाही, तो आम्ल जमिनीचा उपाय. सूर्यफूल, मोहरी लावून धातू ओढून घ्यायचं व्हिडिओत दाखवतात ते पण असं एका हंगामाचं काम नाही, कित्येक वर्षं जातील, आणि तो पाला मग टाकायचा कुठे. हे त्यांनी पैसे घेणारं दुसरं पॅकेज न विकता सरळ सांगितलं, म्हणून माझा भरवसा बसला.

आम्ही पालेभाजीच्या तुकड्यावर गाळ पूर्ण बंद केला, तिथे शेणखत आणि ढेंचाचं हिरवळीचं खत. कपाशीच्या तुकड्यात टाकू, पण दरवर्षी नाही, आणि ट्रॉली उतरायच्या आधी गाळाचीच टेस्ट, कारण एका ट्रॉलीच्या गाळाची टेस्ट वावराच्या टेस्टपेक्षा आधी इशारा देते आणि चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून केली तर खर्चही वाटून जाते. जायचं असेल तर मार्च-एप्रिलमध्ये जा, पेरणीच्या आधी, जूनमध्ये लॅबमध्ये गर्दी असते आणि माती ओली. नमुन्याची अर्धी माती घरी प्लॅस्टिकच्या डब्यात नाव, तारीख, खोली लिहून ठेवा, चार वर्षांनी परत टेस्ट केली तर दोन्ही एकाच वेळी एकाच मशीनवर लावायला सांगता येते, लॅबनेच सांगितलेली युक्ती आहे. आणि फोन कराल तेव्हा डीटीपीए, मॉलिब्डेनम आणि बिनगाळाचा नमुना हे तिन्ही सुरुवातीलाच बोलून घ्या, नंतर जोडायला गेलं की वेगळे पैसे लागतात.